बातम्या न थांबवता वृत्तविभाग घर कसे बदलतो?

प्रश्न : आम्ही घर बदलले, तेव्हा चार दिवस संसार खोक्यांत पडून होता. बीबीसीच्या वृत्तविभागाने लंडनमधील टेलिव्हिजन सेंटर सोडले, तेव्हा चोवीस तासांच्या बातम्यांत खंड कसा पडला नाही? आणि एवढी नावाजलेली वास्तू सोडलीच कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अशा स्थलांतरात जुने सामान उचलून नव्या जागी मांडत नाहीत. नवी न्यूजरूम, स्टुडिओ आणि नियंत्रण कक्ष आधी पूर्ण उभे केले जातात, तेथे प्रक्षेपित न होणारी बातमीपत्रे खऱ्यासारखी तयार करून तालमी घेतल्या जातात आणि त्या काळात जुना स्टुडिओ नेहमीप्रमाणे चालूच असतो. शिवाय सगळे एका दिवशी हलत नाही. परदेशी श्रोत्यांसाठीच्या जागतिक सेवेने 12 जुलै 2012 रोजी बुश हाउस या लंडनमधीलच आपल्या इमारतीतून अखेरचे बातमीपत्र दिले, जागतिक वृत्तवाहिनी जानेवारी 2013 मध्ये नव्या जागेतून सुरू झाली आणि देशांतर्गत बातम्यांची पाळी शेवटी आली. रविवार, 17 मार्च रोजी रात्री दहाचे बातमीपत्र टेलिव्हिजन सेंटरमधून गेले; दुसऱ्या दिवशी दुपारी एकचे बातमीपत्र पोर्टलँड प्लेसवरील ब्रॉडकास्टिंग हाउसमधून आले.

सोडण्याचे एक कारण अर्थातच पैसा होता. 1960 साली सुरू झालेली ती वास्तू 2012 मध्ये सुमारे 20 कोटी पौंडांना विकली गेली. मला मात्र दुसरे कारण अधिक मोलाचे वाटते. परदेशी भाषांतील सेवा बुश हाउसमध्ये आणि दूरचित्रवाणीच्या बातम्या कित्येक किलोमीटर दूर पश्चिम लंडनमध्ये, अशी विभागणी असल्यामुळे एखाद्या देशाची भाषा आणि राजकारण जाणणारा पत्रकार संस्थेत असूनही मुख्य बातमीपत्र करणाऱ्यांच्या शेजारी नसे. नव्या जागेत ही माणसे एका छपराखाली आली, आणि बातमीच्या कामात शेजारच्या टेबलावरून मिळालेल्या खुलाशाची बरोबरी दूरध्वनी करू शकत नाही.

ब्रॉडकास्टिंग हाउस तरी कुठे परके होते? ते 1932 पासून बीबीसीचेच घर. 15 ऑक्टोबर 1940 च्या रात्री, नऊच्या बातम्या वाचल्या जात असताना, तेथे पडलेला बॉम्ब फुटला आणि सात कर्मचारी मृत्युमुखी पडले. वृत्तनिवेदक क्षणभर थांबले आणि त्यांनी वाचन पुढे चालू ठेवले. नभोवाणीच्या बातम्या याच इमारतीतून 1998 मध्ये टेलिव्हिजन सेंटरला गेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यासाठी 2013 चे स्थलांतर म्हणजे स्वगृही परतणे होते.

तरीही जुन्या जागेची हळहळ मला रास्त वाटते. सुदैवाने तेथील गोलाकार मध्यभागाला 2009 मध्येच वारसा वास्तूचे संरक्षण मिळाले होते, त्यामुळे भोवती निवासी सदनिका उभ्या राहिल्या तरी तो टिकला. तीन स्टुडिओही राखले गेले आणि 2017 पासून तेथे पुन्हा कार्यक्रम होऊ लागले.