नवऱ्याने केलेली मारहाण मैत्रिणींना खरी वाटत नाही. त्यांच्याशी कसं बोलू?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या ग्रुपवर सगळं सांगितलंत, तर एक म्हणाली "तो तसा वाटत नाही गं" आणि दुसरीने विचारलं "मग तेव्हाच का नाही बोललीस?" हे वाचूनच वाईट वाटलं. तुमच्यावर विश्वास ठेवला जायला हवा होता.

आधी व्हॉट्सॲपवरचं हे बोलणं थांबवा. ग्रुपवर पहिली शंका निघाली की बाकीच्या तिच्याच सुरात बोलतात, आणि स्क्रीनशॉट त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा एकीला निवडा. सगळ्यात जवळची असेल असं नाही. जिने दुसऱ्या कुणाची गोष्ट पोटात ठेवलेली तुम्ही पाहिली आहे, ती. जिचा नवरा त्याचा मित्र आहे, ती नको.

घरी भिंतीपलीकडे कुणीतरी असतंच आणि उडप्याच्या हॉटेलात टेबल रिकामं व्हायची वाट बघणारे डोक्यावर उभे असतात. शिवाजी पार्कचा कट्टा किंवा वरळी सी फेस बरा. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, मध्येच रडू आलं तरी चालतं. अर्धा-पाऊण तास पुरे.

एकच प्रसंग सांगा. दहा सांगितलेत तर ऐकणारी त्यातला सगळ्यात कच्चा धरून बसते. काय झालं, त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला आणि तिच्याकडून काय हवं आहे, एवढंच. शेवटचं बहुतेक जण विसरतात, आणि मग समोरची सल्ला द्यायला लागते किंवा न्यायाधीश होते. "मला सल्ला नकोय, फक्त ऐक" किंवा "शुक्रवारी माझ्यासोबत ये" असं स्पष्ट मागा.

तारीख, वेळ, आधी काय नि नंतर काय, यात गोंधळ होईल. जबरदस्त भीतीच्या क्षणी एखादी गोष्ट लख्ख कोरली जाते आणि आजूबाजूचं पुसट राहतं. म्हणून प्रसंग खोटा ठरत नाही. पण रिकामी जागा अंदाजाने भरू नका. "गणपतीच्या आसपास, नक्की आठवत नाही" म्हणा. अंदाज नंतर बदलला की तेवढंच पकडलं जातं.

"तेव्हाच का नाही बोललीस?" याला उत्तर: "तेव्हा बोलायची ताकद नव्हती, आता बोलतेय." आणि थांबा. समजून घ्यायला विचारणारी पुढचं विचारेल. तोच प्रश्न फिरवून फिरवून आला तर ती उलटतपासणी आहे. "आज एवढंच" म्हणून विषय बंद करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अनेकदा हा अविश्वास तुमच्यावर नसतोच. तुमच्या लग्नात नाचलेल्या मैत्रिणीला तुमचं खरं मानायचं तर आपण माणूस ओळखायला चुकलो हेही मानावं लागतं, आणि ते जड जातं. कारण कळलं म्हणून सहन करायलाच हवं, असं मात्र नाही.

एक गोष्ट बजावून सांगा: "त्याच्याशी यातलं काहीही बोलायचं नाही." "मी विचारते ना त्याला" ही मदत वाटते, पण तो सावध होतो आणि घरातला त्रास वाढू शकतो.

मदत मिळवायला मैत्रिणींचं प्रमाणपत्र लागत नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही येतो. वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' केंद्र आहे, तिथे यासाठीच समुपदेशन होतं. महिला हेल्पलाइन 181, मन फार खचलं तर टेलिमानस 14416, जिवाला धोका वाटला तर थेट 112. डॉक्टरांचे कागद आणि आठवतील तसे लिहिलेले प्रसंग त्याच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा. दोघांच्या सामाईक गुगल खात्यावर फोटो चढवू नका.

आणि ग्रुपच्या पुढच्या भेटीला तो येणार असेल, तर "तो असेल तिथे मी नसेन" एवढंच कळवा. का, ते पुन्हा समजावत बसू नका.