नोकरी बदलायची आहे, ग्रीन कार्डची रांग सोडायची नाही

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात आणि कोणत्याही एका देशाला साधारण त्यातला सात टक्क्यांपर्यंतच वाटा मिळतो. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ (उच्च पदवी किंवा पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव) आणि ईबी-३ (पदवीधर व कुशल कामगार) या वर्गांची रांग त्यामुळे दहा वर्षांच्याही पुढे गेली आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एवढा काळ एकाच कंपनीत काढणं फार थोड्यांना जमतं. म्हणून वाचकांच्या बहुतेक पत्रांमागे एकच काळजी दिसते: कंपनी सोडली तर आजवरचं काय हातचं जाईल? आय-१४० ची (कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी भरलेल्या अर्जाची) फाइल कंपनीची असते, पण ती मंजूर झाली की तिच्यावरची प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) तुमची होते. कुठली गोष्ट कुणाची, हे राजीनामा देण्याआधी पाहायचं.

प्रश्न: माझं आय-१४० यंदा १२ जानेवारीला मंजूर झालं. एच-१बी चं पाचवं वर्ष संपत आलंय. नवी कंपनी मे महिन्यात रुजू व्हा म्हणते. आताची कंपनी आय-१४० मागे घेईल अशी भीती वाटते. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

जुलैपर्यंत थांबा. मंजुरीपासून १८० दिवस ११ जुलैला भरतात. हे दिवस अर्ज भरल्यापासून मोजण्याची चूक सर्रास होते, कारण आय-७९७ च्या (युएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या नोटिशीच्या) वरच्या चौकटीत रिसीव्ड डेट, प्रायॉरिटी डेट आणि नोटीस डेट अशा तीन तारखा शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. मंजुरीच्या नोटिशीवरची नोटीस डेट धरा.

१८० दिवस उलटल्यावर कंपनीने आय-१४० मागे घेतलं तरी तेवढ्यावरून ते रद्द होत नाही. त्याच्या बळावर एच-१बी ची सहा वर्षांची मर्यादा संपल्यानंतरही नव्या कंपनीमार्फत तीन-तीन वर्षांची एच-१बी मुदतवाढ मिळत राहते. त्याआधी मागे घेतलं, तर मुदतवाढीचा हा आधार जातो. प्रायॉरिटी डेट मात्र तेव्हाही जात नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. ती जाते ती फसवणूक किंवा खोटी माहिती निघाली, लेबर सर्टिफिकेट (आय-१४० च्या आधी लागणारी श्रम खात्याची मंजुरी, तिलाच पर्म म्हणतात) रद्द झालं किंवा मुळात मंजुरीच गंभीर चुकीने दिली होती असं ठरलं तर.

तुमच्या बाबतीत मुदतवाढीचाच प्रश्न आहे. मे महिन्यात गेलात आणि आय-१४० मागे घेतलं गेलं, तर हातात जेमतेम वर्ष उरतं. एकेका वर्षाची मुदतवाढ हवी असेल तर पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झालेले असावे लागतात. आणि पर्म दाखल करण्याआधी प्रचलित वेतन ठरवून घ्यायचं, राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवस जागा जाहीर करायची, दोन रविवारी वृत्तपत्रात जाहिरात द्यायची, शिवाय भरतीचे आणखी तीन मार्ग वापरायचे. यात कित्येक महिने जातात. हे गणित एका वर्षात बसत नाही. नव्या कंपनीला कारण स्पष्ट सांगून जुलैच्या अखेरची तारीख मागा. त्यांच्या वकिलाला हा हिशोब रोजचा आहे.

खरं तर तुम्ही कधी सोडता यापेक्षा कंपनी आय-१४० कधी मागे घेते, हे इथे मोजलं जातं, आणि अनेक कंपन्या मागे घेतच नाहीत. पण मॅनेजरच्या तोंडी शब्दावर इतक्या वर्षांचं काम टांगून ठेवू नये.

निघण्याआधी आय-१४० च्या मंजुरीची प्रत मिळवा, निदान तिचा रिसीट नंबर तरी. कंपनी देत नसेल तर माहिती अधिकाराखाली युएससीआयएसकडे ऑनलाइन मागता येते. नव्या कंपनीत पर्म आणि आय-१४० पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. त्या अर्जाला ही प्रत जोडून सोबतच्या पत्रात जुनी तारीख मागायची. भारतभेटीत अमेरिकेबाहेर काढलेले पूर्ण दिवसही सहा वर्षांत परत जोडून मिळतात. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.

प्रश्न: नव्या कंपनीचा वकील पर्मसाठी जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं मागतोय. पुण्यातल्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर दिलं तर नको म्हणाला. – एक वाचक, शार्लट

त्याचं बरोबर आहे. रिलिव्हिंग लेटरवर हुद्दा आणि तारखा असतात, काम काय केलं ते नसतं. चालणारं पत्र असं असतं: कंपनीच्या लेटरहेडवर, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, तुमची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, काम पूर्णवेळ होतं हे स्पष्ट, आणि मग कामाचं वर्णन. त्या वर्णनात नव्या पर्ममध्ये जी कौशल्यं आवश्यक म्हणून लिहिली जाणार आहेत ती नावानिशी यायला हवीत. पर्ममध्ये 'जावा आणि ओरॅकल, दोन वर्षं' असेल आणि पत्रात नुसतं 'सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट', तर आय-१४० च्या वेळी पुराव्याची मागणी येणार हे धरून चला.

कंपनी असं पत्र देत नसेल किंवा बंद पडली असेल, तर त्या काळातल्या मॅनेजरचं किंवा सहकाऱ्याचं शपथपत्र चालतं. सोबत पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि नेमणूकपत्र जोडा. सहकाऱ्यानेही आपण तिथे होतो याचा पुरावा द्यावा, नाहीतर शपथपत्राला वजन राहत नाही.

कंपनी बदलण्याचा एक फायदा इथे सांगायला हवा. स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीतच मिळवलेला अनुभव तिच्या पर्ममध्ये सहसा धरत नाहीत, पण तोच अनुभव पुढच्या कंपनीत पूर्ण धरला जातो. चार वर्षांची बी.ई. असलेला आणि ईबी-३ मध्ये अडकलेला माणूस पदवीनंतरची पाच वर्षं भरल्यावर ईबी-२ ला पात्र ठरू शकतो, अर्थात नव्या जागेलाही तेवढी पात्रता खरोखर लागत असेल तर. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पर्मचा खर्च आणि कंपनीच्या वकिलाची फी कंपनीनेच भरायची असते. ती तुमच्याकडून मागणं किंवा पगारातून वळती करणं नियमाबाहेर आहे.

प्रश्न: ले-ऑफ झाला. दोन महिन्यांचं सेव्हरन्स (नोकरी जाताना मिळणारी भरपाई) मिळालंय. ६० दिवस त्यानंतर मोजायचे का? – एक वाचक, डॅलस

नाही. नोकरी गेल्यावर नवी कंपनी शोधायला मिळणारे हे ६० दिवस नोकरी संपली त्या दिवसापासून मोजा, म्हणजे साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला तिथून. एकरकमी सेव्हरन्सने हा काळ लांबत नाही. आय-९४ (अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर मुदत तिथेच संपते. एच-४ वरच्या (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) पत्नीला आणि मुलांनाही हाच काळ लागू आहे.

६०व्या दिवसाआधी नव्या कंपनीचा आय-१२९ (एच-१बी साठी कंपनीने भरायचा) अर्ज युएससीआयएसकडे पोचलेला असला पाहिजे, नुसती ऑफर किंवा कुरिअरची पावती पुरत नाही. त्याआधी श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींविषयी कंपनीचं हमीपत्र) मंजूर करून घ्यायला सात कामाचे दिवस लागतात. नवी किंवा लहान कंपनी असेल तर तिचा करक्रमांक पडताळण्यात आणखी काही दिवस जातात. वकिलाला कागद जुळवायला आठवडा धरा. म्हणून आमचा सल्ला, चाळिसाव्या दिवसापर्यंत सही झालेली ऑफर हातात हवी. अर्ज वेळेत पोचला की मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येतं.

ऑफर दिसत नसेल तर मुदत संपण्याआधी आय-५३९ हा स्थिती बदलण्याचा अर्ज भरून बी-२ (पर्यटकाची स्थिती) मागता येतं. राहण्याची सोय होते, पण काम करता येत नाही, आणि पुढे एच-१बी मिळाली तर मंजुरी येईपर्यंत रुजू होऊ नका.

मुदत चुकवण्याची किंमत आता फार वाढली आहे. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेतली नव्या एच-१बी अर्जांवरची एक लाख डॉलरची रक्कम अमेरिकेत वैध स्थितीत राहून केलेल्या कंपनीबदलाला लागत नाही, असं युएससीआयएसने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण स्थिती टिकली नव्हती म्हणून मुदतवाढ नाकारली गेली, तर ती रक्कम लागू होते, आणि ती भरायला तयार होणारी कंपनी शोधणं जवळपास अशक्य आहे.

प्रश्न: आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) ऑक्टोबर २०२० मध्ये भरलं. पर्म सॉफ्टवेअर डेव्हलपरचं होतं, ऑफर इंजिनीअरिंग मॅनेजरची आहे. चालेल का? – एक वाचिका, सॅन होजे

चालायला हरकत नसावी. आय-४८५ प्रलंबित राहून १८० दिवस झाले की त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामावर जाता येतं. नवी कंपनी सप्लिमेंट-जे (नव्या नोकरीची खात्री देणारा फॉर्म) भरून देते, नवं पर्म लागत नाही. डेव्हलपरचा व्यवसाय कोड १५-१२५२ आणि संगणक विभागाच्या मॅनेजरचा ११-३०२१. कोड वेगळे आहेत म्हणून घाबरू नका. आधी जे काम स्वतः केलं तेच करणाऱ्यांवर देखरेख ठेवणं ही स्वाभाविक बढती मानली जाते. ऑफर लेटरमध्ये कामाची टक्केवारी लिहून घ्या: आर्किटेक्चर किती, कोड तपासणी किती, माणसांचं व्यवस्थापन किती. हीच ऑफर बाजारपेठ, किमती आणि विक्री बघणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरची असती तर आम्ही एवढ्या खात्रीने सांगितलं नसतं.

सप्लिमेंट-जे युएससीआयएसने मागायची वाट न पाहता रुजू होताच पाठवा. आणि शक्य असेल तर ईएडीवर (काम करण्याच्या परवाना कार्डावर) न जाता एच-१बी वरच जा. आय-४८५ नाकारलं गेलं तर एच-१बी चा आधार राहतो. शिवाय ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडी नूतनीकरणाला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवशी काम थांबवावं लागतं.

प्रश्न: विद्यापीठात एच-१बी वर संशोधक आहे. खासगी कंपनीने ऑफर दिली आहे. ट्रान्सफर होईल ना? – एक वाचक, ओहायो

पूर्वी कधी लॉटरीतून एच-१बी मिळाली नसेल तर थेट होणार नाही. विद्यापीठाची एच-१बी वार्षिक मर्यादेबाहेरची असते. खासगी कंपनीला मात्र लॉटरीतूनच जावं लागतं: मार्चमध्ये नोंदणी, निवड झाली तर १ ऑक्टोबरपासून काम. आय-१४० मंजूर असलं तरी यातून सुटका नाही. विद्यापीठातली नोकरी चालू ठेवून कंपनीचं काम जोडीला करण्याची वाट आहे, पण विद्यापीठ सुटलं की तीही बंद होते.

प्रश्न: मुलाने कंपनी बदलली. दिवाळीला घरी यायचं म्हणतो. पासपोर्टवरच्या व्हिसावर जुन्या कंपनीचं नाव आहे. परत जाताना अडवतील का? – एक वडील, सांगली

काका, व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर त्यावरच्या जुन्या नावाने काही बिघडत नाही. मुलाने नव्या कंपनीचं मूळ आय-७९७, नोकरीचं पत्र आणि शेवटच्या तीन पगारपावत्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. नव्या कंपनीचा अर्ज अजून मंजूर झाला नसेल तर मंजुरी येईपर्यंत निघू नये, हे उत्तम.

व्हिसाची मुदत संपली असेल तर मात्र तिकीट काढण्याआधी विचार करा. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी च्या नूतनीकरणाला ड्रॉपबॉक्सची (मुलाखतीशिवाय कागद जमा करण्याची) सोय जवळपास राहिलेली नाही, मुलाखतीला जावंच लागतं. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जातात. तेव्हा भारतातल्या अनेकांच्या मुलाखतीच्या तारखा कित्येक महिने पुढे गेल्या आणि सुट्टीवर आलेली माणसं इकडेच अडकली. मुंबईच्या बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतली मुलाखतीची पक्की तारीख हातात असल्याशिवाय आणि कंपनीने लांबलेली रजा लेखी मान्य केल्याशिवाय त्याने येऊ नये.

त्याचा पासपोर्ट कधी संपतो तेही विचारून घ्या. एच-१बी २०२८ पर्यंत मंजूर असली तरी पासपोर्ट २०२७ मध्ये संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आणि अमेरिकेत राहण्याची मुदत त्या आय-९४ नेच ठरते. मुलाने परत पोचल्या दिवशी सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या) संकेतस्थळावर आपलं आय-९४ उघडून तारीख वाचावी, आणि ती कमी दिसली तर लगेच कंपनीच्या वकिलाला कळवावं.