फॉर्मवर सही दोघांची होती

पत्र: आम्ही अमेरिकेत राहतो. २०२०च्या उन्हाळ्यात शाळेने फॉर्म पाठवला, मुलाला वर्गात पाठवणार की घरून शिकवणार? मुलगा पहिलीत जाणार होता. सासूबाई आमच्याकडे होत्या, वय ७१, मधुमेह. आधी विमानं बंद झाली, मग त्या वयात एवढा प्रवास नको म्हणून त्यांचा मुक्काम वाढवला. नवरा म्हणत होता पाठवूया, मी नको म्हणाले. शेवटी घरून शाळा ठरली. मार्चमध्ये सासूबाईंच्या लशीचे दोन्ही डोस झाले, पण वर्ष संपतच आलं होतं म्हणून जूनपर्यंत तसंच चालू ठेवलं. मुलगा वाचायला उशिरा शिकला, अजूनही अडखळतो. आता सहावीत आहे. मार्क कमी आले की नवरा एकच शब्द बोलतो, ‘तुझ्यामुळे’. परवा ग्रुपवर बर्ड फ्लूची बातमी आली आणि माझ्या पोटात गोळाच आला. मागच्या वेळी माझं चुकलं का? आणि परत तशी वेळ आली तर काय करू?

उत्तर: पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागेल. ऑगस्ट २०२०मध्ये तुमचं चुकलं नाही. मार्च २०२१मध्ये थोडं चुकलं, पण ते दोघांचं.

आधी ऑगस्ट. कोविड लहान मुलांना सहसा हलका जातो आणि वय वाढेल तसा धोका झपाट्याने चढतो, हे तोवर दिसलं होतं. म्हणजे तुमच्या घरातला प्रश्न मुलाचा नव्हताच, सासूबाईंचा होता. लस आलेली नव्हती. रोज वर्गभर मुलांत मिसळून येणारा नातू आणि शेजारच्या खोलीत मधुमेह असलेली आजी. ज्यांच्या घरी फक्त आईवडील आणि मूल होतं त्यांनी पाठवलं, ते त्यांच्या जागी बरोबर. तुम्ही नाही पाठवलं, ते तुमच्या जागी बरोबर. तुमच्या नवऱ्याला एवढी आठवण जरूर द्या की जिच्यासाठी हे केलं ती त्यांची आई होती.

आणि बरोबर काय ते तेव्हा सांगणार कोण? डेन्मार्कने १५ एप्रिल २०२०लाच लहान वर्ग पुन्हा सुरू केले. स्वीडनने सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा मुळात चालूच ठेवल्या होत्या. इंग्लंडमध्ये नाताळच्या सुट्टीनंतर ४ जानेवारी २०२१ला बरीच मुलं एक दिवस शाळेत गेली आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं की उद्यापासून बंद. त्या शाळा उघडल्या ८ मार्चला. न्यूयॉर्क शहराने तर आकडाच बांधून ठेवला होता: चाचण्यांमध्ये ३ टक्के लोक बाधित निघाले की शाळा बंद. तो आकडा आला, १९ नोव्हेंबर २०२०ला शाळा बंद झाल्या. पालकांनी आरडाओरडा केला. मग तोच नियम गुंडाळून ७ डिसेंबरला छोट्यांच्या शाळा उघडल्या. दिमतीला अख्खं आरोग्य खातं असलेली माणसं तीन आठवड्यांत फिरत होती, आणि तुमच्याकडून अपेक्षा काय, तर डायनिंग टेबलावर बसून शुक्रवारच्या आत वर्षभराचा निर्णय द्या.

माझंच सांगते. मार्च २०२०मध्ये मुलीच्या शाळेची ईमेल रात्री दहाला आली, उद्यापासून दोन आठवडे शाळा बंद. तिची पाण्याची बाटली वर्गातच राहिली होती आणि ती तिच्यासाठीच रडत झोपली. ती बाटली जूनमध्ये मिळाली. शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग, डिकी उघडी, शिक्षिका लांबूनच नाव लिहिलेली कागदी पिशवी ठेवून मागे सरकत होत्या. बाटलीत तळाला मार्चमधलं पाणी तसंच होतं. ‘दोन आठवडे’ हे शब्द मी तेव्हापासून जपूनच वापरते.

आता मार्च २०२१. तुम्ही स्वतःच लिहिलंय, सासूबाईंचे दोन्ही डोस झाले. म्हणजे ज्या कारणासाठी मुलगा घरी होता ते कारण बऱ्याच अंशी संपलं. तरी तो जूनपर्यंत घरीच राहिला, कारण ‘वर्ष संपतच आलं होतं’. इथे कोणी निर्णय घेतलाच नाही, आधीचा निर्णय आपोआप पुढे सरकत राहिला. शाळेत जागा होती की नाही, मध्येच बदल करू देत होते की नाही, हे एक ईमेल टाकून विचारता आलं असतं. तुम्ही विचारलं नाही, नवऱ्यानेही नाही. घाबरलेल्या, थकलेल्या घरात असं होतं. पण दोष द्यायचाच तर या तीन महिन्यांचा द्या, आणि अर्धाअर्धा वाटून घ्या.

वाचनाचं म्हणाल तर पहिली हे त्यासाठी फार नाजूक वर्ष. बाई ओठ कसे हलवतात ते मूल बघतं, एकेकाला जवळ बसवून बाई वाचून घेतात, शेजारचा पुढच्या पानावर गेला हे दिसतं. लॅपटॉपवरच्या वीस चौकोनांत, माइक बंद ठेवून, यातलं काय होणार? नेदरलँड्समध्ये शाळा २०२०मध्ये आठच आठवडे बंद होत्या आणि घरोघरी इंटरनेट उत्तम. तरी तिथल्या संशोधकांना दिसलं की त्या काळात मुलं सरासरीने जवळजवळ काहीच पुढे सरकली नाहीत, आणि ज्यांचे आईवडील कमी शिकलेले ती आणखी मागे राहिली. अमेरिकेत नऊ वर्षांच्या मुलांची जी राष्ट्रीय चाचणी होते, तिच्यात २०२० ते २०२२ या काळात वाचनात ५ आणि गणितात ७ गुणांची घसरण झाली. गणितात अशी घसरण त्या चाचणीत पहिल्यांदाच झाली. यात शाळेत गेलेली मुलंही होती. ऑनलाइन जास्त दिवस चाललं तिथे नुकसान जास्त, हेही खरं. तेव्हा तुमच्या फॉर्मचा काहीच परिणाम झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण सगळं खापर त्यावर फुटत नाही.

पुढच्या वेळचं बोलू. मागच्या वेळचं उत्तर पुढच्या वेळी तसंच्या तसं वापरू नका. फ्लूचं गणित कोविडपेक्षा वेगळं असतं. फ्लू मुलांमुलांतून भराभर पसरतो आणि अगदी लहानग्यांना जडही जातो. १९१८च्या साथीत तर ऐन विशी-तिशीतली माणसं मोठ्या संख्येने गेली. तरीही तेव्हा न्यूयॉर्क आणि शिकागोने शाळा उघड्या ठेवल्या होत्या. दाटीवाटीच्या घरांपेक्षा मुलं शाळेत, डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली बरी, असा त्यांचा विचार होता. २००९च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) मेच्या सुरुवातीला सांगितलं की रुग्ण सापडलेल्या शाळा १४ दिवस बंद ठेवा. आजार वाटला तेवढा गंभीर नाही असं दिसल्यावर चारपाच दिवसांत तो सल्ला मागे घेतला. सल्ला बदलला म्हणजे ‘यांना काही कळत नाही’ असं आपल्याकडे लगेच म्हणतात. मला उलट वाटतं, न बदलणाऱ्या सल्ल्याची भीती जास्त.

तेव्हा ‘शाळेत पाठवायचं का’ या प्रश्नाच्या आधी तिघांची नावं घ्या. हा आजार कोणाला जड जातोय आणि ती व्यक्ती आपल्या घरात आहे का? मूल घरी राहिलं तर कोणाच्या नोकरीला चाट बसणार? (इथे बहुतेक घरांत न बोलता बाईचंच नाव गृहीत धरलं जातं. ते मोठ्याने उच्चारून बघा.) आणि मुलाचं काय बुडणार? पहिलीतल्या मुलाचं एक वर्ष आणि सातवीतल्या मुलाचं एक वर्ष सारखं नसतं. उत्तर काहीही येवो, त्याच्यापुढे मुदत लिहा: अमुक तारखेपर्यंत, किंवा अमुक गोष्ट होईपर्यंत. ती तारीख दोघांच्या फोनमध्ये टाका. त्या दिवशी परत बसायचं, आधीचा निर्णय कोणाचा होता हे न काढता.

बातम्या ग्रुपवर वाचू नका असं सांगून उपयोग नाही, तुम्ही वाचणारच, मीही वाचते. पण आपल्या ग्रुपवर सिंगापूरची मावशी, लंडनचा भाचा आणि टेक्सासचे काका एकत्र असतात. एप्रिल २०२०मध्ये सिंगापूरने घरून शाळा जाहीर केली तेव्हा तो सरकारचा एकच निर्णय होता, सगळ्या देशाला लागू. अमेरिकेत तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी मंडळं) आहेत आणि शेजारच्या गावाचं उत्तर वेगळं असू शकतं. तुमच्यासाठी खरं पत्र एकच, तुमच्या डिस्ट्रिक्टचं. ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, सवलती तिथे असतात. इंग्लंडमध्ये २०२१च्या बंदीतही अत्यावश्यक सेवेतल्या पालकांची मुलं शाळेत जाऊ शकत होती. त्या यादीत डॉक्टर-नर्सबरोबर बँका आणि माहिती-तंत्रज्ञानातली काही कामंही होती, आणि दोघांपैकी एकच पालक त्या कामात असला तरी चालत होतं. घरी लॅपटॉप नाही किंवा अभ्यासाला शांत कोपरा नाही, अशा मुलांनाही शाळा बोलावू शकत होती. ‘आपल्याला कुठे देणार’ म्हणून विचारलंच नाही, असं मात्र करू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण दर साथीत निघणारा विषय: मुलाला घेऊन भारतात जाऊन राहावं का? निघायच्या आधी जाण्याचं आणि परतीचं, दोन्ही दारं बघा. मार्च २०२०मध्ये भारताने ओसीआय कार्डावरचा (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) व्हिसाविना प्रवेश स्थगित केला, त्यात थोडी ढील मिळाली ती मे अखेरीस. आईवडील भारतीय पासपोर्टवर, मूल अमेरिकन पासपोर्टवर, अशा घरांची त्या दोन महिन्यांत फार ओढाताण झाली. जूनमध्ये उलटं घडलं: २२ तारखेच्या अमेरिकन अध्यक्षांच्या आदेशाने, बाहेर असलेल्या आणि वैध व्हिसा हाती नसलेल्या एच-१बीवाल्यांची (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) वाट वर्षअखेरीपर्यंत अडली, आणि पुढे ती मुदत आणखी वाढली.

राहता राहिला तुमचा मुलगा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. सहावीत येऊनही तो वाचताना अडखळतोय आणि घरात त्याचं कारण ठरून गेलंय: २०२०. कारण ठरलं की कोणी तपासत नाही. अक्षरं वाचण्यातली अडचण, डिस्लेक्सियासारखी, त्या वर्षाच्या गोंधळात झाकली गेली असेल तर ती ‘तुझ्यामुळे’ म्हणून सुटणार नाही. सरकारी शाळेत असेल तर मुलाची तपासणी करा अशी लेखी मागणी पालक करू शकतात, त्याला पैसे पडत नाहीत. तोंडी सांगू नका, तारीख घालून पत्र द्या आणि प्रत ठेवा. एका पालकाची सही पुरते. तुम्ही मात्र दोघांनी करा, आणि शक्यतो याच आठवड्यात.