पण मग आधीच का नाही वापरला मंत्र?

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या किशोर कादंबरीची सहा प्रकरणं दोन रात्रींत वाचून काढली. विहिरीचा गाळ उपसताना सापडलेली पितळी डबी, झाकण उघडताना शमाच्या नखात राहिलेला हिरवा मळ. हे तू स्वतः पाहिलेलं आहेस, ते कळतं. तिथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पाचव्या प्रकरणात मात्र भावाला ताप येतो, शमा मंत्र पुटपुटते आणि ताप उतरतो. सहाव्यात ती त्याच मंत्रानं कुलूप उघडते, पूर अडवते. इथे माझं लक्ष उडालं.

आमच्या वाचनालयात आठवीतला एक मुलगा यायचा. घरी नेण्याइतका धीर नसायचा, पायरीवर बसूनच पुस्तक संपवायचा. एकदा जादूच्या गोष्टीचं जाडजूड पुस्तक परत देताना म्हणाला, "मावशी, हा मंत्र त्याला पहिल्यापासून येत होता ना? मग मित्र मरेपर्यंत थांबला कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरा भाग त्यानं नेला नाही. तेरा वर्षांचा वाचक ड्रॅगन बिनतक्रार मान्य करतो, पण फसवणूक त्याला चटकन कळते. त्याच्यासाठी लिहायचं तर जादूला काय जमत नाही, हे आधी ठरव.

यासाठी महाभारताच्या आदिपर्वातली कच-देवयानीची गोष्ट पुन्हा वाच, आणि या वेळी कारागिराच्या नजरेनं वाच. संजीवनी विद्या एकच काम करते, मेलेल्याला उठवते. ती शुक्राचार्यांना येते, देवांच्या बाजूला कुणालाच येत नाही; म्हणून बृहस्पतीचा मुलगा कच शत्रूच्या घरी शिष्य म्हणून राहतो. दैत्य त्याला मारतात, शुक्राचार्य उठवतात. शेवटी दैत्य त्याला जाळतात आणि राख मद्यात कालवून गुरूलाच पाजतात. आता कच गुरूच्या पोटात. त्याला उठवावं तर पोट फाडून बाहेर येईल आणि गुरू मरतील. मग एकच वाट उरते. पोटातल्या शिष्याला विद्या शिकवायची आणि बाहेर आल्यावर तो आपल्याला उठवेल, असा विश्वास ठेवायचा. कच बाहेर येतो, गुरूला उठवतो. पण गुरूची मुलगी देवयानी, तिला लग्नाला नकार देतो, तेव्हा ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तो दुसऱ्यांना शिकवू शकतो, त्यांना ती फळेल. त्याला स्वतःला नाही. ज्यानं इतकं सोसून मिळवली, त्याच्याच हाती ती चालत नाही. मी शाळेत असताना हे ऐकलं, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

अमेरिकेत उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहिली, तीही किशोरांसाठी. गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे. मग ते मुलगे असताना ही विद्या शिकले कुठे, या प्रश्नातून ते पुस्तक उभं राहिलं. तिथे वस्तूचं खरं नाव कळलं तरच तिच्यावर सत्ता चालते. नायक ऐटीत आपली ताकद दाखवायला जातो आणि एक सावली जगात सोडून बसतो. चेहऱ्यावरचे व्रण त्याला जन्मभर वागवावे लागतात.

शमाला काय द्यावं लागतं? प्रत्येक मंत्रामागे तिचा एक शब्द कायमचा जात असेल तर? एके दिवशी 'आजोळ' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच नाही. हे नुसतं उदाहरण, तुझं तू शोध. आणि तो ताप साधा नको. साध्या तापाला डॉक्टर असतात. वाचणाऱ्या पोराच्या घरातही कुणीतरी आजारी असेल. ताप डबीतूनच आलेला असू दे, म्हणजे उताराही डबीतच शोधावा लागेल.

'स्पेल' हा शब्दही काढ. उतारा, मूठ, भारलेला दोरा, परकायाप्रवेश, केवढं सामान आहे आपल्याकडे! निखाऱ्यावर मीठ-मोहऱ्या तडतडल्या की घरभर होणारा धूर तुझ्या वाचकांपैकी पुष्कळांच्या ओळखीचा आहे.

एका बाबतीत मात्र मी हट्ट धरणार आहे. गावाबाहेर एकटी राहणारी तुझी म्हातारी चेटकीण बदल. आपल्याच राज्यात, सातपुड्यात नंदुरबारकडे, बायकांना डाकीण ठरवून छळलेलं आहे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर कायदा आला. गावानं जिला चेटकीण ठरवलं तीच खरोखर चेटकीण निघाली, अशी गोष्ट मला मुलांच्या हातात द्यायची नाही. ती म्हातारी डबीची आधीची राखणदार असेल तर? तिचे बरेचसे शब्द गेले असतील, म्हणून गाव तिला वेडी म्हणत असेल.

पाचवं आणि सहावं पुन्हा लिहून पाठव, सातव्याला इतक्यात हात लावू नकोस. आणि डबीचं झाकण परत लावता येतं का, ते मला कळव. सहा प्रकरणांत शमानं एकदाही ते करून पाहिलेलं नाही.

तुझी,
वाचनालयातली मावशी