माइनक्राफ्टसाठी मुलाचं स्वतःचं खातं

ताई, लेकाला तुमच्या खात्यावरून खेळू देऊ नका, त्याचं वेगळं मायक्रोसॉफ्ट खातं काढा. जन्मतारीख खरीच टाका. वय वाढवून टाकलं की पालकांचे निर्बंध लागूच होत नाहीत. मग ते खातं तुमच्या मायक्रोसॉफ्ट फॅमिली ग्रुपमध्ये, म्हणजे घरच्यांच्या खात्यांच्या गटात, घ्या. गेमरटॅगमध्ये, म्हणजे खेळताना इतरांना दिसणाऱ्या नावात, खरं नाव, शाळा, जन्मसाल नको. ‘मित्रांबरोबर खेळताच येत नाही’ म्हणून तो रडत आला, तर बहुतेक वेळा गेम बिघडलेला नसतो: मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमिंग सेवेच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मल्टिप्लेअरची (इतरांबरोबर ऑनलाइन खेळण्याची) परवानगी तुम्हाला द्यावी लागते. ती द्या, पण अनोळखी लोकांशी चॅट बंदच ठेवा. त्याच्या खात्याला बँकेचं कार्ड जोडू नका. आणि हे सगळं त्याला शेजारी बसवून करा. माझ्या मुलीला कारणं कळली, तेव्हा तिने एकदाही कुरकुर केली नाही.