पोराला वर का घेत नाहीत? आधी दिवस मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेसबॉलमध्ये मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, ट्रिपल-एमध्ये, पोरगा धो धो हिट मारतोय, वरच्या संघातला त्याच्या जागेवरचा माणूस चाचपडतोय, तरी क्लब म्हणतो ‘फील्डिंगवर अजून काम चालू आहे’. ते कारण कधी खरंही असतं. पण आधी कॅलेंडर काढा.

मेजर लीगचा हंगाम साधारण 187 दिवसांचा. त्यातले 172 दिवस वरच्या रोस्टरवर (संघातल्या खेळाडूंच्या यादीवर) किंवा वरच्या क्लबच्या जखमींच्या यादीत गेले की सर्व्हिसचं एक वर्ष भरतं. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा. म्हणून पहिल्या वर्षी 171 वर अडकवला की तो क्लबच्या हातात आणखी एक हंगाम राहतो.

क्रिस ब्रायंटचं उदाहरण सगळे देतात, पण आकडे क्वचित मांडतात. 2015 च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (हंगामाआधीच्या सरावात) त्यानं 9 होमरन मारले, तरी शिकागो कब्जनं त्याला खाली पाठवलं. हंगाम 5 एप्रिल ते 4 ऑक्टोबर, म्हणजे 183 दिवस. त्याला बोलावलं 17 एप्रिलला. 12 दिवस गेले, उरले 171. एक दिवस कमी! त्या वर्षी रुकी ऑफ द इयर, म्हणजे लीगचा सर्वोत्तम नवखा, तोच झाला. त्यानं तक्रार केली, निकाल 2020 मध्ये त्याच्या विरोधात लागला आणि तो 2020 ऐवजी 2021 नंतर मोकळा झाला. त्या जादा हंगामाच्या मध्येच, जुलैत, कब्जनं त्याला जायंट्सकडे ट्रेड केलं, ते वेगळंच.

लोक इथेच थांबतात. पण 171 वर थांबवण्याची किंमतही असते. तीन वर्षं भरली की आर्बिट्रेशन (पगार ठरवण्यासाठी लवाद) सुरू होतं आणि पगार किमान दरापासून सुटतो. मात्र दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान असलेल्यांपैकी (आधीच्या हंगामात किमान 86 दिवस हवेत) सर्वांत जास्त सर्व्हिस असलेल्या 22 टक्क्यांना ते एक वर्ष आधीच मिळतं. याला सुपर टू म्हणतात. दोन वर्षं 171 दिवसांवर असलेला ब्रायंट अर्थातच त्यात बसला आणि 2018 साठी त्याला 1 कोटी 8.5 लाख डॉलर मिळाले. पहिल्याच आर्बिट्रेशनसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. म्हणून पैसे वाचवायला बसलेला क्लब एप्रिलच्या मध्यावर नाही, जूनपर्यंत थांबतो. सुपर टूची रेषा दरवर्षी सरकते, त्यामुळे जूनची तारीख हा अंदाजच असतो.

गेल्या वर्षी शेवटी शेवटी वर येऊन गेलेल्या पोराचं गणित वेगळं. समजा त्याच्या खात्यात आधीचे 30 दिवस आहेत. मग या वर्षी 141 च्या पुढे जाऊ द्यायचं नाही, म्हणजे 46 दिवस खाली. शिवाय तो 40 जणांच्या रोस्टरवर (मेजर लीगसाठी राखलेल्या मोठ्या यादीत) असतो, त्यामुळे त्याला ऑप्शनवर, म्हणजे त्या यादीतली जागा राखून खाली, पाठवावं लागतं. हंगामभरात ऑप्शनवरचे एकूण दिवस 20 पेक्षा कमी भरले, तर तेही सर्व्हिसमध्येच धरले जातात. दोन आठवड्यांची युक्ती इथे चालत नाही.

मग ऑगस्टअखेर का बोलावतात? रुकी दर्जासाठी. 130 ॲट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या), गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, 50 इनिंग्ज किंवा रोस्टरवर 45 दिवस, यातली एक मर्यादा ओलांडली की दर्जा संपतो. ओरिओल्सनी गनर हेंडरसनला 31 ऑगस्ट 2022 ला आणलं. 116 ॲट-बॅट झाले. डायमंडबॅक्सचा कॉर्बिन कॅरल 29 ऑगस्टला आला, 104 झाले. दोघेही 2023 ला रुकीच राहिले आणि आपापल्या लीगचे रुकी ऑफ द इयर ठरले.

त्यामागे मेजर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2022 च्या कराराचं आमिष आहे. प्रॉस्पेक्टच्या (होतकरू खेळाडूंच्या) ठरलेल्या तीनपैकी दोन याद्यांत पहिल्या शंभरात असलेला, 60 पेक्षा कमी दिवसांची सर्व्हिस असलेला पोरगा सुरुवातीलाच आणून पूर्ण वर्ष खेळवला आणि तो रुकी ऑफ द इयर झाला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या फेरीनंतरचा जादा पिक, म्हणजे निवडीची जादा संधी, मिळतो. आर्बिट्रेशनच्या आधी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) किंवा साय यंगच्या (सर्वोत्तम पिचर) मतदानात पहिल्या तिनात आला तरीही मिळतो. उलट बाजूही आहे: रुकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला उशिरा आणलं असलं तरी वर्ष पूर्ण धरतात. पायरेट्सनी पॉल स्कीन्सला 11 मे 2024 ला आणलं. तो जिंकला, पूर्ण वर्ष घेऊन गेला आणि क्लबला पिक मिळाला नाही. थांबूनही दोन्हीकडून गेलं! माझ्या मते अव्वल पोरासाठी एप्रिलची टाळाटाळ आता सहसा परवडत नाही. ती चालते यादीबाहेरच्या, मधल्या दर्जाच्या पोरांवर, आणि त्यांच्याबद्दल कुणी ओरडत नाही.

तुमच्या पोराचं बघायचं तर आधी त्याची जुनी सर्व्हिस, मग तो 40 जणांत आहे की नाही, हे पाहा. नसेल, तर त्याला आणण्यासाठी कुणाला तरी काढावं लागेल आणि तो माणूस वेव्हर्सवर (काढलेल्या खेळाडूंच्या खुल्या यादीवर) दुसरा क्लब उचलू शकतो. कित्येकदा कॉल-अप आठवडाभर लांबतो तो फक्त एवढ्यासाठी. शेवटी हंगामाच्या अखेरच्या दिवसापासून मागे 171 मोजा. बोलावल्याची तारीख नेमकी तिथे किंवा एखाद-दोन दिवस पुढे पडली, तर फील्डिंगच्या गप्पा सोडून द्या.