नऊ होलच्या गोल्फ कोर्समध्ये सगळे होल सारख्याच लांबीचे ठेवले तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकजवळ 45 एकरांवर नऊ होलचा कोर्स करायचाय, आणि आराखडा करणाऱ्याने नऊच्या नऊ होल (होल म्हणजे टी या सुरुवातीच्या जागेपासून खळगीपर्यंतचा एकेक टप्पा) 320 यार्डांचे (यार्ड म्हणजे साधारण 0.9 मीटर), पार 4 चे, म्हणजे चार फटक्यांत संपावेत असे, आखलेत. आखायला सोपं आणि राखायलाही सोपं, असं त्यांचं म्हणणं. मी लँडस्केपची कामं करते आणि बरीच वर्षं गोल्फ खेळते. हा आराखडा मंजूर करू नका, हे आधीच सांगते.

समजा तुमचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला पहिला लांब फटका, 200 यार्ड जातो. मग प्रत्येक होलवर उरणार 120. नऊ वेळा ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) आणि नऊ वेळा तोच 8 आयर्न (त्याहून कमी अंतराचा क्लब). नियमाप्रमाणे बॅगेत 14 क्लब नेता येतात, त्यातले बहुतेक तुमच्या कोर्सवर बॅगेतच राहणार. 310, 320, 330 असे थोडे मागेपुढे केले तरी फरक एकेका क्लबचाच पडतो. म्हणून लांबी ठरवताना मी आधी बघते ते हे, की ग्रीनवर, म्हणजे खळगीभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचवणारा फटका कशाने मारावा लागेल. यार्डांचा आकडा त्यातून निघतो.

माझ्या डोळ्यांसमोर यासाठी नेहमी मेरियन गोल्फ क्लबचा ईस्ट कोर्स असतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ आर्डमोरला, 1912 सालचा. तो आखणारा ह्यू विल्सन हा क्लबचाच सदस्य होता, पोटापाण्याचा धंदा विम्याचा. 2013 ची यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा तिथे झाली तेव्हा कोर्स होता 6,996 यार्डांचा. आजच्या मोठ्या स्पर्धांच्या मानाने हे कमीच, त्यामुळे खेळाडू विक्रमी कमी फटक्यांत खेळतील अशी चर्चा होती. प्रत्यक्षात जस्टिन रोझ जिंकला तो पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन.

तिथले आकडे नीट बघा. पार 3 चे चार होल: 256, 236, 115 आणि 246. पार 4 मध्ये दहावा फक्त 303 चा आणि अठरावा 521 चा. चौथा होल पार 5, तो 628 यार्ड. दहावा 303, अकरावा 367, तेरावा 115, इथे खेळाडूला वाटतं की दोन-चार फटके वाचवायची हीच जागा. आणि तसं वाटू लागलं की तो जास्तीचा धोका पत्करतो. मग चौदाव्यापासून 464 वगैरे सुरू होतं, सतरावा 246 चा पार 3, आणि शेवटी तो 521. शेवटची फेरी मी रात्री जागून पाहिली होती. फिल मिकलसन अगदी चुरशीत होता. तेराव्यावर, म्हणजे कोर्सवरच्या सगळ्यात छोट्या होलवर, त्याने वेजने, म्हणजे छोट्या, उंच फटक्याच्या क्लबने, मारलेला चेंडू ग्रीनच्या पलीकडे गेला आणि बोगी झाली, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त लागला. एरवी लांब क्लबही फिरवायला लावणाऱ्या कोर्सवर मध्येच एवढा नाजूक फटका मागणं, हेच त्या होलचं काम आहे. सगळे होल 115 चे असते तर तो होल इतका अवघड राहिला नसता.

आता तुमचे 45 एकर. प्रत्येक होलला 70 यार्डांची पट्टी धरली (सुरक्षिततेसाठी खरं तर याहून जास्त हवी), तर 320 चे नऊ होल म्हणजे 2,880 यार्ड आणि जवळपास 42 एकर. क्लबहाउस, पार्किंग, तळं, सराव कुठे करणार? त्याऐवजी मी असं काही मांडेन: पार 3 चे चार होल 110, 140, 170 आणि 195 चे, पार 4 चे चार 265, 310, 350 आणि 390 चे, आणि एकच पार 5, 490 चा. एकूण 2,420 यार्ड, पार 33. त्याच हिशोबाने साडेसहा एकर जमीन मोकळी होते. आणि पार 4 वर 200 यार्ड ड्राइव्हनंतर उरतात 65, 110, 150 आणि 190, म्हणजे छोटी पिच (उंच, अलगद फटका), मग 9 आयर्न, हायब्रिड आणि फेअरवे वूड असे चढत्या अंतराचे क्लब.

हे आकडे मात्र जमिनीवर जसेच्या तसे बसवू नका. आधी कंटूर, म्हणजे चढउतार दाखवणारा, नकाशा घ्या, चालत फिरा, ग्रीनला शोभतील अशा जागा शोधा, मग लांबी ओढाताण न करता जुळवा. चढावरचा 350 हा 370 सारखा खेळतो. उन्हाळ्यात दुपारनंतर आणि पावसाळ्यात तुमच्याकडे वारा पश्चिमेचा. तेव्हा 170 चा एक पार 3 पश्चिमेला तोंड करून आणि 140 चा पूर्वेला ठेवलात तर त्यांच्यातलं अंतर आणखी वाढतं. जुलैत चेंडू पडतो तिथेच रुततो, मार्चमध्ये कडक जमिनीवर बराच घरंगळतो, त्यामुळे तोच 390 वर्षात दोन वेगळे होल होतो.

क्रम ठरवताना पहिला आणि दुसरा होल पार 3 चा नको, सकाळी तिथे रांग लागते. 195 नंतर लगेच 170 ही नको.

शेवटचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. माझा ड्राइव्ह 150 यार्डांचा. एका कोर्सवर पुढची टी मागच्या टीपासून जेमतेम 20 यार्डांवर होती. तिथे 350, 390, 410 असे वेगवेगळे होल मला सगळे सारखेच खेळावे लागले, ड्रायव्हर, वूड, मग पुन्हा काहीतरी. तुमच्या कोर्सवर महिला, मुलं आणि निवृत्त मंडळी येणार असतील तर पुढच्या टी पाऊणपट अंतरावर ठेवा: 390 ला 290, 265 ला 200, 195 ला 145. प्रत्येक होलला दोन टी पहिल्या आराखड्यातच काढून घ्या, मागाहून त्यांना सपाट जागा सापडत नाही.